घरी पाळणाघर चालवताय? आधी कूलर बघा

नागपुरात घरी पाळणाघर सुरू करायचं म्हणलं की सगळे आधी खेळणी नि गाद्या आणतात, पण माझं म्हणणं आहे आधी कूलरकडे बघा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, कूलर दिवसभर चालू, बॉडी लोखंडाची, खाली पाणी सांडलेलं, आणि दीड वर्षाचं लेकरू ओल्या हाताने जाळी पकडून उभं राहतं, हे मी स्वतः बघितलंय आणि काळजात धस्स झालं होतं. म्हणून तीन पिनचा प्लग नि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून चेक करून घ्या, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायला लागला की क्षणात वीज तोडणारा स्विच) बसवा, महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटन दाबून बघा, आणि पाणी भरताना नुसता स्विच नाही तर प्लगच काढा. शक्य असेल तर कूलर खिडकीबाहेरच ठेवा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा, डेंगीचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात होतो.

बाथरूमची बादली रिकामी करून उलटी ठेवा, चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. तान्ह्याला पाठीवरच झोपवा, उशी नको.

औषध आईबाबांनी लिहून दिल्याशिवाय द्यायचं नाही, अगदी तापाचंही नाही. मुलाला घ्यायला कोण येणार ते वहीत लिहून घ्या, आणि १०८ नि ११२ दाराजवळ मोठ्या अक्षरात चिकटवा.