महागड्या घड्याळाचा भाव किती वाढला, हे मोजायचं कसं?

आधी रेफरन्स नंबर, म्हणजे कंपनीने त्या मॉडेलला दिलेला क्रमांक, लिहून घ्या. नुसतं 'रोलेक्स सबमरिनर' म्हणून भागत नाही. तारखेची खिडकी असलेल्या १६६१० ला ४० मिमीची केस (घड्याळाची धातूची पेटी) आणि बेझलमध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यात, अॅल्युमिनियमची चकती. २०१० साली आलेल्या ११६६१० ला तीच चकती सिरॅमिकची झाली. २०२० चं १२६६१० थेट ४१ मिमीचं, मशीनही नवं, एकदा चावी दिली की सुमारे ७० तास चालणारं. या तिघांच्या शोरूममधल्या किमती एका रांगेत मांडल्या तर आकडा निघतो, पण तो एकाच वस्तूचा नसतो. एकच रेफरन्स धरा आणि वापरलेल्याची तुलना वापरलेल्याशीच करा.

मग भाव कुठला, ते ठरवा. ऑनलाइन दिसते ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत. सौदा बहुतेकदा त्याच्या खालीच तुटतो. लिलावाचे आकडे जास्त भरवशाचे, कारण तिथे व्यवहार झालेला असतो. तिथेही एक मेख आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना १ कोटी ५५ लाख डॉलरच्या बोलीवर गेलं, पण जाहीर झालेला आकडा होता १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. मधला फरक लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेल्या शुल्काचा. विकणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही.

आता हिशेब. समजा, ६ लाखांना घेतलेलं घड्याळ १० वर्षांनी ९ लाखांना गेलं. दीडपट झालं, असं वाटतं. डीलरचं १० टक्के कमिशन म्हणजे ९० हजार आणि मधली सर्व्हिसिंग ६० हजार वजा केली की हातात उरतात साडेसात लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वादोन टक्के. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर नुसतं मूल्य टिकवायलाच पावणेदहा लाख लागले असते. शिवाय रुपयातली वाढ घड्याळाचीच असेल असं नाही, ती स्विस फ्रँक महागल्याचीही असू शकते. जानेवारी २०१५ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकला युरोच्या तुलनेत ठरावीक भावापलीकडे चढू न देण्याची मर्यादा काढताच फ्रँक एका दिवसात उसळला. म्हणून हिशेब रुपयात आणि फ्रँकमध्ये, दोन्हीकडे मांडा.

सुरुवातीचं वर्ष कुठलं धरता, यावरही निकाल फिरतो. २०२१ च्या सुरुवातीला पाटेक फिलिप या स्विस कंपनीने नॉटिलस ५७११ चं स्टीलचं निळ्या डायलचं मॉडेल बंद करत असल्याचं सांगितलं आणि बाजारभाव छापील किमतीच्या कित्येक पट चढला. २०२२ च्या सुरुवातीनंतर तोच भाव जोरात उतरला. तेव्हा शिखरावरचं एकच टोक न धरता किमान तीन वेगवेगळी वर्षं घ्या.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या घड्याळाची अवस्था जोखताना. केस पुन्हा पुन्हा पॉलिश केली की पट्टा अडकतो त्या टोकांच्या धारदार कडा गोल होतात, आणि गेलेलं स्टील परत येत नाही. डायल तर भिंगाखालीच बघा. १९८० च्या दशकातल्या कित्येक डायलवर सहाच्या आकड्याखाली 'स्विस – टी < २५' अशा अर्थाची बारीक अक्षरं असतात. त्यातला 'टी' म्हणजे ट्रिटियम, अंधारात काटे-डायल चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, साधारण १२.३ वर्षांचं, म्हणून चाळीस वर्षांनी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. असं घड्याळ अंधारात तासन्‌तास लख्ख चमकत असेल, तर काटे किंवा डायल बदललेले आहेत किंवा नंतर रंगवलेले आहेत. सर्व्हिसिंगमध्ये बसवलेला नवा डायल कंपनीचाच असला, तरी संग्राहक त्याला मूळ डायलचा भाव देत नाहीत. सर्व्हिसिंगला देताना जुने काटे आणि डायल परत मिळणार का, हे विचारून पावतीवर लिहून घ्या.

भारतातल्या खरेदीदाराने आणखी एक तारीख वहीत टिपावी: १ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी एफ्टा देशांबरोबरचा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन) भारताचा व्यापार करार लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. नव्याची किंमत त्यामुळे नरमली तर वापरलेल्याच्या भावावरही दाब येईल. इथून पुढची प्रत्येक नोंद करताना त्या वर्षीचा शुल्काचा दर शेजारी लिहा.