आयसीयूतल्या जीवाणूंचा जनुकीय माग काढताय? या चुका टाळा

दोन रुग्णांच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जीवाणू वाढवून केलेल्या तपासणीत) कार्बापेनेम या प्रभावी अँटिबायोटिक गटाला दाद न देणारा क्लेब्सिएला हा जीवाणू सापडला, अँटिबायोग्रामही (कोणतं औषध चालतं, कोणतं नाही याचा तक्ता) सारखा आला, की ‘एकाचा दुसऱ्याला लागला’ असं ठरवून सगळे मोकळे होतात. पण वेगवेगळ्या वंशाचे जीवाणूही नेमक्या त्याच औषधांना पुरून उरतात. जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, वाचल्याशिवाय नातं जोडू नका.

सगळ्यात महागात पडते ती नमुन्यांतली कंजुषी. अमेरिकेतल्या एनआयएच क्लिनिकल सेंटर या सरकारी संशोधन रुग्णालयात २०११ साली असाच क्लेब्सिएला पसरला; पहिला रुग्ण जुलैत घरी गेला आणि पुढचा रुग्ण सापडला तो तब्बल तीन आठवड्यांनी. वरवर पाहता दोघांचा संबंध नव्हता. जीनोमने तो दाखवला. मधल्या काळात जीवाणू लक्षणं नसलेल्या रुग्णांच्या आतड्यात गुपचूप राहिला असावा. एकूण १८ जणांपर्यंत तो पोचला, ११ दगावले, त्यांतले ६ मृत्यू थेट या संसर्गामुळे झाले असं मानलं गेलं. म्हणून फक्त आजारी रुग्णांचं रक्त आणि थुंकी तपासून भागत नाही. रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून बोळ्याने घेतलेला नमुना) घ्या, सिंकच्या निचरा-पाइपातूनही घ्या. एनआयएचमध्ये तर स्वच्छ केलेल्या व्हेंटिलेटरवरही हा जीवाणू मिळाला होता.

एका रुग्णाची एकच कॉलनी (कल्चरमध्ये वाढलेला जीवाणूंचा एक ठिपका) वाचणं हीही तशीच चूक. त्या पहिल्या रुग्णाच्या शरीरातल्या निरनिराळ्या जागांच्या नमुन्यांत मोजकेच फरक होते, पण त्यांच्यामुळेच या रुग्णाकडून संसर्ग एकाहून अधिक वेळा बाहेर पडल्याचं कळलं.

‘इतक्या एसएनपींच्या (डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांच्या) आत म्हणजे एकाकडून दुसऱ्याला संसर्ग’ असा सरसकट आकडा मला तरी पटत नाही. प्रजाती, मधला काळ आणि तुलनेसाठी निवडलेला रेफरन्स जीनोम यांवर तो हलतो. फरक अचानक शेकड्यांत गेले तर ते जीनोमभर विखुरलेत की एकाच पट्ट्यात दाटलेत ते पाहा. दाटलेले असतील तर बहुधा रीकॉम्बिनेशन, म्हणजे दुसऱ्या जीवाणूकडून डीएनएचा एक पट्टा एकदम आलेला. तो भाग वगळून पुन्हा मोजा. उलट, असंबद्ध वाटणाऱ्या नमुन्यांत शून्य फरक आला तर आधी लेबलं आणि प्रयोगशाळेतली भेसळ तपासा.

वंश जुळले नाहीत म्हणून फाइल बंद करू नका. कार्बापेनेम निकामी करणाऱ्या एनडीएम या एन्झाइमचं जनुक प्लास्मिडवर (जीवाणूंमध्ये इकडून तिकडे जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) बसून क्लेब्सिएलातून ई. कोलायमध्ये जातं. डीएनए आखूड तुकड्यांत वाचणाऱ्या शॉर्ट-रीड पद्धतीत प्लास्मिडचे तुकडे होतात, त्यामुळे असा संशय आला तर लांब तुकडे वाचणारं लाँग-रीड सिक्वेन्सिंग करा.

आणि कुणाकडून कुणाला, हे जीनोमच्या फरकांवरून काढलेला वंशवृक्ष एकटा सांगत नाही. कोण कोणत्या खाटेवर कधी होतं, ती नोंद शेजारी ठेवूनच बाण काढा.