मुलांना रॅप ऐकवण्याआधी एवढं करा

लेक सहावीत गेला आणि रॅप, रॅप सुरू झालं. बंदी घातली तर मित्राच्या फोनवर ऐकणारच. म्हणून आमच्या घरी असं चालतं:

१. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्प्लिसिट’, म्हणजे शिव्या वगैरे असलेली, गाणी बंद करा. फॅमिली प्लॅन असेल तर मुलाच्या खात्यावर हे पालकांना लावता येतं. अशा गाण्यांपुढे चौकोनात इंग्रजी ‘ई’ असतो. बऱ्याच इंग्रजी गाण्यांची शिव्या गाळलेली ‘क्लीन’ आवृत्तीही मिळते.

२. गाणं आधी स्वतः हेडफोन लावून, शब्द वाचत पूर्ण ऐका. पहिलं कडवं साधं असतं आणि तिसऱ्यात दणका बसतो, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

३. मग गाडीत दोघं मिळून ऐका. एखाद्या ओळीवर थांबवून विचारा, “हा काय सांगतोय रे?” पुण्यात ताडीवाला रोडवरून जाताना मी सांगितलं, रॅपर एमसी स्टॅन इथलाच. स्टेशन येईपर्यंत प्रश्न संपले नाहीत! त्याची सगळी गाणी सहावीच्या मुलासाठी नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट सांगितलं.

फक्त ‘ई’वर विसंबू नका. ती खूण गाणं प्रसिद्ध करणारेच लावतात, त्यामुळे शिवी असूनही कधी ती नसते. दुसरी पायरी गाळू नका.