परदेशातून परतताना कोकण किनाऱ्यावरचे गाव कसे निवडावे

आखातात किंवा युरोप-अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षे नोकरी केल्यानंतर परतीचा विचार सुरू झाला, की कोकणच्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा आधी समुद्र दिसणारी जागा उभी राहते. ती ज्या गावात आहे त्या गावाचा विचार त्यानंतर होतो आणि पाणी, दवाखाना, वीज, शाळा यांची चौकशी तर बयाणा देऊन झाल्यावर. हा क्रम उलटा करावा. ज्यांचे वडिलोपार्जित घर शाबूत आहे आणि भाऊबंदांत हिश्शाचा वाद नाही, त्यांची गोष्ट वेगळी. परंतु ज्यांना नव्याने बस्तान बसवायचे आहे, विशेषतः ज्यांची मुले परदेशातच राहणार आहेत आणि उतारवय दोघांनाच काढायचे आहे, त्यांनी आधी तालुक्याचे ठिकाण निवडावे, मग त्याच्या आसपासची वाडी आणि सगळ्यात शेवटी घर.

डिसेंबरातले कोकण कोणालाही आवडते. निवड करायची ती जुलै आणि मे या दोन महिन्यांवरून.

जुलैत पाहायची पहिली गोष्ट म्हणजे पाणी कोठवर चढते. किनाऱ्यावर वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, त्याच दिवसांत सावित्रीने महाड बुडवले आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. २००५च्या जुलैतही या दोन्ही शहरांनी असाच पूर पाहिला होता. याचा अर्थ चिपळूण वगळावे असा नाही. रेल्वे, बाजार आणि दवाखाने या तिन्ही बाबतींत ते सोयीचे शहर आहे. मात्र तेथे घर घेताना निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहाव्यात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा पाहून झाल्यावर त्या गल्लीतल्या दुकानदाराला विचारावे, की एकवीस साली पाणी कोठपर्यंत आले होते. तो जिन्याची पायरी दाखवील, शटरवरची जागा दाखवील, पाणी किती वाजता चढू लागले आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी हेही सांगेल. खाडीकाठच्या शहरांत पुराचे पाणी भरतीमुळे तुंबते, म्हणून ही शेवटची माहिती महत्त्वाची आहे.

वादळाचाही हिशेब मनात असावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरांची कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक वाड्या कित्येक आठवडे अंधारात राहिल्या. ज्या घरात इन्सुलिन थंड ठेवावे लागते किंवा ऑक्सिजनचे यंत्र चालवावे लागते, त्या घराने मुख्य रस्त्यापासून दूरची, एकाच वाहिनीवर अवलंबून असलेली वाडी निवडू नये.

मे महिन्याची परीक्षा पाण्याची. जांभा दगड पाऊस पितो, पण धरून ठेवत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये जिथे पाखाडीवरून पाणी वाहत असते, तिथेच एप्रिलअखेर टँकरची वाट पाहावी लागते. समुद्राच्या दर्शनासाठी विकले जाणारे बरेचसे भूखंड सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर असतात. पावसाळ्यात सडा हिरवागार आणि रानफुलांनी भरलेला दिसतो, पण मे महिन्यात तिथे काळा कातळ उरतो, आणि बोअरवेल लागली तरी ती टिकेलच असे नाही. म्हणून जागा पाहायला मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावे. शेजारच्या विहिरीवर उभे राहून कळशी सोडून पाहावी: दोर किती सुटतो, एका कुटुंबाचे पाणी काढून झाल्यावर विहीर पुन्हा भरायला किती वेळ घेते, आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतल्यावर ते गोड लागते की मचूळ. खाडीलगतच्या आणि आगरातल्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात आणि ते पाणी पुन्हा गोड व्हायला चांगला पाऊस पडावा लागतो. शहरात नळाचे पाणी असते म्हणून ही चौकशी टाळू नये. रत्नागिरी शहर शीळ धरणावर अवलंबून आहे. तेथे घर पाहताना त्या प्रभागात मे महिन्यात किती दिवसांनी पाणी येते, हे चार घरी विचारून घ्यावे.

दवाखान्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण साठीनंतर हाच प्रश्न सर्वांत मोठा ठरतो. परदेशात रुग्णवाहिका काही मिनिटांत दारात येण्याची सवय झालेली असते. येथे स्वतःलाच एक प्रश्न विचारावा: पावसाळ्यातल्या मध्यरात्री छातीत दुखू लागले, तर हृदयाची तपासणी आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात मी किती वेळात पोहोचेन? अलिबागकरांची धाव पनवेल-मुंबईकडे असते. चिपळूणच्या टापूत डेरवणचे वालावलकर रुग्णालय मोठा आधार आहे. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी अवघड दुखण्यासाठी आंबा घाटाने कोल्हापूर गाठण्याची रीत अजून चालू आहे, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की तो रस्ता बंद पडतो. सिंधुदुर्गात २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असूनही जिल्ह्याच्या दक्षिण भागातील माणसे वर्षानुवर्षे गोव्यातील बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजवर भिस्त ठेवतात. याखेरीज जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का आणि तेथे डॉक्टर मुक्कामी असतात का, हे आवर्जून पाहावे. कोकणात विंचूदंश ही एके काळी प्राणघातक बाब होती, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर हे मृत्यू खूप कमी झाले, पण औषध वेळेत मिळाले तरच. पावसाळ्यातला लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आणि सावंतवाडी-दोडामार्ग भागातला माकडताप या आजारांचीही स्थानिक डॉक्टरांकडून माहिती करून घ्यावी.

प्रवासाची सोय दोन दिशांनी तपासावी. मुले परदेशातून येणार असतील तर विमानतळ महत्त्वाचा, आणि नातेवाईक मुंबई-पुण्यात असतील तर रेल्वे. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण ती किनाऱ्याला लागून जात नाही: दापोलीकराला खेड गाठावे लागते, मालवणकराला कुडाळ किंवा कणकवली. पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते आणि वेगही कमी ठेवला जातो. दक्षिणेकडे मोपा येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाल्यामुळे सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले या भागाचे पारडे जड झाले आहे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला खरा, परंतु तेथील फेऱ्यांवर विसंबून गाव निवडू नये. नकाशावर जवळ दिसणारी दोन गावे मधल्या खाडीमुळे प्रत्यक्षात लांब असतात, हेही ध्यानात ठेवावे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ येथे फेरीबोट आहे आणि तिच्यामुळे मोठा वळसा वाचतो. पण रात्री आजारी माणसाला घेऊन निघाल्यावर ती उपयोगी पडत नाही.

आता गावांविषयी माझे मत. ज्यांना शहराच्या सोयी हव्यात आणि तरी कोकण सोडायचे नाही, त्यांनी रत्नागिरी निवडावी. जिल्ह्याची कार्यालये, महाविद्यालये, बाजार आणि रेल्वे असे सगळे एका ठिकाणी असलेले एवढे मोठे दुसरे शहर या किनाऱ्यावर नाही, आणि आखातात राहून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी असल्यामुळे परतलेल्या माणसाचे प्रश्न तेथे नवे वाटत नाहीत. दापोली मला निवृत्त जोडप्यांसाठी फार योग्य वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंचीमुळे हवा किनाऱ्यापेक्षा सौम्य असते, मुरूड-कर्दे-हर्णैचा समुद्र फार लांब राहत नाही आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे बाग करू इच्छिणाऱ्याला सल्ला आणि कलमे दोन्ही मिळतात. सावंतवाडी किनाऱ्यावर नसली तरी दक्षिण कोकणात मी तिलाच पहिली पसंती देईन. समुद्र आठवड्यातून एकदा पाहायचा असतो, बाजार आणि डॉक्टर रोज लागतात. अलिबाग मुंबईशी व्यवहार ठेवणाऱ्यांसाठी ठीक आहे, कारण भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० पासून चालू आहे. मात्र किहीम, आवास, थळ या बाजूला जमिनीचे भाव मुंबईच्या धनिकांनी ठरवलेले आहेत आणि अनेक बंगले आठवडाभर कुलूपबंद असतात, त्यामुळे शेजार मिळेलच असे नाही. मालवण सुंदर आहे, पण पर्यटनाच्या हंगामातली गर्दी सोसण्याची तयारी हवी. ज्यांना शांतपणा हवा त्यांनी वेंगुर्ले पाहावे.

गाव ठरल्यानंतर कायद्याची बाजू. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) यांना घर किंवा फ्लॅट घेता येतो, परंतु शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने आले तर ठेवता येते. भारतीय नागरिक कायमचा परतला की परकीय चलन कायद्याचा हा अडसर दूर होतो, तरीही महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांनी बिनशेती झालेली जागाच पाहावी. कोकणात सातबारावर सहहिस्सेदारांची नावे भरमसाट असतात, त्यातले निम्मे मुंबईत आणि काही हयातही नसतात. सगळ्यांची संमती नसेल तर कितीही स्वस्त जागा महाग पडते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची किंवा बोजाची नोंद आहे का, भोगवटादार वर्ग एक आहे की दोन (वर्ग दोनची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते), आणि जुने फेरफार जुळतात का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. समुद्रालगतच्या जागेला सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम लागतो. ग्रामीण भागात लोकसंख्येच्या घनतेनुसार भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना विकास क्षेत्र असतो, आणि तेथे ‘बांधकाम होऊन जाईल’ असे सांगणाऱ्या दलालाचा शब्द धरू नये. जैतापूर (अणुवीज), बारसू (तेलशुद्धीकरण), जयगड (औष्णिक वीज) ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. मोठा प्रकल्प किंवा त्याचा प्रस्ताव जवळ आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारावे.

पैशाबाबत एवढेच सांगतो की परतण्याचे आर्थिक वर्ष जपून निवडावे. मागील दहापैकी नऊ वर्षे अनिवासी राहिलेल्याला किंवा मागील सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवसांहून अधिक न राहिलेल्याला काही काळ ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर येथे साधारणपणे कर लागत नाही. परतल्यावर एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे बँक खाते तसेच चालू ठेवता येत नाही. परकीय चलनातली शिल्लक आरएफसी, म्हणजे निवासी व्यक्तीच्या परकीय चलन खात्यात ठेवता येते.

शाळकरी मुले बरोबर असतील तर सगळा विचार पुन्हा करावा लागेल. परदेशात शिकलेल्या मुलाला नववी-दहावीत मराठीचे ओझे अचानक पेलत नाही आणि केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा छोट्या गावांत सहसा नसतात. अशा कुटुंबाने रत्नागिरीसारखे जिल्ह्याचे ठिकाणच पाहावे. परदेशी जोडीदार असेल तर त्याला किंवा तिला गावात बोलायला चार माणसे मिळतील का, हा प्रश्न समुद्राच्या अंतरापेक्षा मोठा आहे. कोकणातला माणूस नव्या माणसाची चौकशी खूप करतो. ती आपुलकीने असते आणि तिला मोकळेपणाने उत्तर द्यावे. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा घर उघडे असावे. गणपतीत शेजारी आरतीला जावे, वाडीच्या बैठकीला बोलावले तर बसावे आणि वर्गणी वेळेवर द्यावी. गावकीचे मानपान ज्याला ओझे वाटतात त्याने वाडीत न राहता शहरात फ्लॅट घ्यावा. त्यात काहीच कमीपणा नाही.

हे सगळे कागदावर जुळले तरी लगेच खरेदी करू नये. निवडलेल्या तालुक्याच्या ठिकाणी एक घर जूनपासून पुढच्या मेअखेरपर्यंत भाड्याने घ्यावे आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्यावा. सामान फार आणू नये. दमट हवेत चामड्याच्या वस्तूंना बुरशी येते आणि खाऱ्या वाऱ्यात परदेशातून आणलेली यंत्रे लवकर गंजतात. भाड्याच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला ऑगस्टमध्ये कितपत ओल येते, ते पाहून ठेवावे, म्हणजे पुढे स्वतःचे घर बांधताना पडवी किती खोल हवी आणि पावसाळ्यापूर्वी झडपे (पावसाची झड अडवणारे पडदे) कोणत्या बाजूला बांधावी लागतील, हे आपोआप कळेल. चिरेबंदी काम करणारा गवंडी, कौले शाकारणारा माणूस, विहीर उपसणारा, वायरमन आणि रात्री बोलावल्यावर येणारा रिक्षावाला यांच्या ओळखी याच वर्षात होतात. मे संपताना जागा मनात भरलेली असेल, तर बयाणा देण्याआधी वकिलामार्फत स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, हरकतीची मुदत पूर्ण होऊ द्यावी, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड लावून घ्यावेत आणि त्यानंतरच खरेदीखताची तारीख ठरवावी.