कंपनीत घोटाळा झालाय? एनसीएलटीच्या (कंपन्यांचे वाद ऐकणारं ट्रिब्युनल) ऑर्डरने कागद असे काढा

घरातलीच प्रायव्हेट लिमिटेड, तुमचे तीस टक्के, आणि अचानक कळतं की मधेच राइट्स इश्यू (आहेत त्याच शेअरहोल्डर्सना नवे शेअर देऊ करणं) झालाय, तुम्हाला ऑफर लेटर आलंच नाही आणि आता तुमचे आठ टक्के उरलेत. अशा वेळी माणूस वकिलाला सांगतो, कंपनीचे सगळे कागद मागवा. प्लीज असं करू नका. सगळं मागितलं की समोरचा वकील म्हणणार, हे नुसतं फिशिंग आहे, म्हणजे काही सापडतंय का म्हणून गळ टाकणं, यांच्याकडे ठोस काही नाही, आणि एनसीएलटीच्या बेंचला ते पटतं पण.

आधी जे ऑर्डरशिवाय मिळतं ते गोळा करा. एमसीए (केंद्राचं कंपनी मंत्रालय) पोर्टलवर १०० रुपयांत कंपनीची पब्लिक फाइल बघता येते, त्यातला पीएएस-३ फॉर्म नीट वाचा, शेअर कुणाला किती दिले ती यादी त्याला जोडलेली असते. मग कंपनीला स्पीड पोस्टने पत्र टाका, मेंबर्स (म्हणजे शेअरहोल्डर्स) रजिस्टर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ९४ खाली आणि जनरल मीटिंगची मिनिट्स कलम ११९ खाली मागा. मिनिट्सची कॉपी ७ कामाच्या दिवसांत द्यावी लागते, नाही दिली तर तेच पत्र पुढे पुरावा म्हणून कामाला येतं.

बोर्डाची मिनिट्स आणि हिशेबाची पुस्तकं मात्र नुसत्या शेअरहोल्डरला हक्काने बघता येत नाहीत. पुस्तकं बघायचा हक्क कलम १२८ डायरेक्टरला देतं, म्हणून तुम्ही अजून डायरेक्टर असाल तर रागाच्या भरात राजीनामा अजिबात देऊ नका, आधी पुस्तकं बघून घ्या.

आता पिटिशन. कलम २४१-२४२ (शेअरहोल्डरवर अन्याय आणि कंपनीचा गैरकारभार) खाली, महाराष्ट्रातल्या कंपनीसाठी एनसीएलटीच्या मुंबई बेंचपुढे. आठ टक्केच उरले म्हणून दारच बंद झालं असं समजू नका, कलम २४४ मध्ये भांडवलाचा दहावा हिस्सा किंवा एकूण मेंबर्सचा दहावा हिस्सा असे दोन रस्ते आहेत, त्यामुळे सात मेंबर्सच्या कंपनीत तुम्ही एकटेही पुरता. आणि नुसतं "फ्रॉड केला" लिहून भागत नाही, कुणी, कधी, कशा प्रकारे, किती रकमेचा, सगळं यायला हवं.

त्यातच कलम ४२४ खाली कागद हजर करायचा अर्ज लावा, दिवाणी कोर्टाला कागद मागवायचे जे अधिकार असतात ते ट्रिब्युनललाही आहेत. खरी मेहनत यादीत आहे. प्रत्येक कागदासमोर लिहा की पिटिशनच्या कुठल्या पॅरासाठी तो लागतो. राइट्स इश्यूचंच घ्या, कलम ६२ प्रमाणे ऑफर लेटर इश्यू उघडायच्या किमान ३ दिवस आधी पाठवायचं आणि पाठवल्याचा पुरावा ठेवायचा, तर मागा तुमच्या नावाची पोस्टाची किंवा कुरियरची पावती नाहीतर ईमेल. त्या आठवड्याचं बँक स्टेटमेंट मागा, पैसे खरंच आले का आणि आले तर लगेच कुणाच्या खात्यात गेले ते दिसेल. २०२३-२४ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कुठली एंट्री कधी बदलली याची नोंद) सक्तीचा आहे, तो आवर्जून मागा, मागच्या तारखेच्या एंट्रीज तिथेच सापडतात. सोबत डेटा आणि ईमेल डिलीट करू नयेत असा अंतरिम आदेशही मागा, हे राहिलं तर बाकीचं बरंचसं वाया जाऊ शकतं. "कागद सापडत नाहीत" असं उत्तर येणारच, म्हणून तो कागद कधी, कुणाकडे होता हे अफिडेव्हिटवर सांगा, अशी विनंती अर्जातच घाला.

इन्स्पेक्शनला सीएला घेऊन जा आणि ओरिजिनलच बघा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. मिनिट्स बुकमध्ये पानांचे नंबर सलग हवेत, प्रत्येक पानावर सही किंवा इनिशियल हवी, चिकटवलेली पानं चालत नाहीत. नेमक्या त्याच मीटिंगचं पान वेगळं दिसलं तर तिथल्या तिथे नोंद करून तुमच्या आणि कंपनीच्या माणसाच्या सह्या घ्या, सही नाकारली तर तेही लिहा. डिजिटल कागदासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदलली की बदलणारा तिचा आकड्या-अक्षरांचा ठसा), मागून घ्या.

अर्धेच कागद दिले तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. ऑर्डरमधल्या यादीतला कुठल्या नंबरचा कागद दिला, कुठला नाही असा तक्ता करून अर्ज टाका, कलम ४२५ खाली अवमानाची मागणी करा, आणि लपवलेला कागद त्यांच्या विरोधातच होता असं धरावं, हेही त्याच अर्जात मागा.