जुनी बाज मोडीत काढू नका: सांधे घट्ट करून नवार बसवण्याची रीत

माळ्यावर किंवा गोठ्यात पडलेली बाज बहुतेक घरांत एकाच कारणाने टाकलेली असते: नवार, म्हणजे चौकटीवर विणलेली रुंद पट्टी, लोंबली किंवा फाटली. खालची सागाची किंवा बाभळीची चौकट मात्र अजून बरीच वर्षे चालण्यासारखी असते. नवार, खिळे, फेविकॉल आणि तेल एवढाच खर्च. पण नवार आणण्याआधी चौकट तपासा. हलत्या चौकटीवर ताणून बसवलेली नवार महिन्याभरात पुन्हा झोळी होते.

चौकटीचे काम उन्हाळ्यातच करायचे. खान्देशात श्रावणात लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सैल सांधासुद्धा घट्ट वाटतो. तीच बाज वैशाखात, पारा ४५ च्या आसपास गेला की करकरायला लागते, कारण लाकूड सुकून आकसलेले असते. म्हणून सांधा सर्वात सैल असताना भरायचा. फक्त फेविकॉलचे काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी सांधा बसवेपर्यंत फेविकॉलवर साय धरते आणि मग तो आत चिकटतच नाही.

आधी जुनी नवार आणि एकूण एक खिळा पकडीने उपटा. सांध्यांत ढेकूण असतील तर उकळते पाणी ओता आणि दोन दिवस कडक उन्हात सुकू द्या. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर घुण लागलेला आहे. लाकडाला लावायचे तयार औषध सिरिंजने भोकात सोडा आणि भोक मेणाने बुजवा. दाभण टोचल्यावर सहज अर्धा इंच आत गेले तर तो दांडा बदलावाच लागेल, तिथे काटकसर करू नका.

आता सांधा. दांड्याचे टोक, म्हणजे कुसू, पायाच्या भोकात बसते. ते बाहेर काढून जुना सरस, तेल, मळ पटाशीने खरवडून कोरे लाकूड दिसू द्या. जुन्या थरावर फेविकॉल धरत नाही. कुसू पायाच्या आरपार गेलेले असेल तर काम सोपे. त्याच्या टोकाला करवतीने एक इंच खोल चीर द्या, फेविकॉल लावून कुसू बसवा आणि चिरेत सुक्या बाभळीची पाचर ठोका. पाचरीची जाड बाजू तीन-चार मिलिमीटर पुरे. चीर आडवी हवी. पायाच्या लाकडाचे रेषे उभे असतात. चीर उभी दिली तर पाचर पायाला त्या रेषांतच फाडते, आणि मग पायच बदलायची वेळ येते. कुसू आत लपलेले असेल तर फेविकॉलमध्ये भिजवलेली जुन्या धोतराची पातळ पट्टी त्याला गुंडाळून दाबून बसवा. फट एक मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर कापडाऐवजी लाकडाची पातळ चीप घाला.

चारही पायांभोवती सुती दोर बांधा, मध्ये काडी घालून पीळ द्या आणि चोवीस तास हात लावू नका. पीळ देतानाच चौकट तिरकी होते, तेव्हा फेविकॉल ओला असतानाच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही मापे घ्या. बाहेरून सहा बाय तीन फुटांच्या बाजेत ती साडेऐंशी इंच भरली पाहिजेत. दोन मापांत पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर लांब माप असलेले कोपरे आत दाबा.

घासायला ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. पाणी मारून, तोंडाला फडके बांधून घासा, आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका. सागाला रंग लावणे मला तरी पाप वाटते. डबल बॉइल्ड जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे मिसळून पहिला हात मारा. वीस मिनिटांनी वर उरलेले तेल पुसून घ्या. दुसरा आणि तिसरा हात नुसत्या तेलाचा, प्रत्येकी एक दिवस सोडून. पुसले नाही तर तेल चिकट राहते आणि धूळ धरते. तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि ढिगातले फडके आपोआप पेटू शकते. ती पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा. तेलाचा वास पूर्ण जाईपर्यंत या बाजेवर बिबड्या-कुरडया वाळत घालू नका, नाहीतर वर्षभर तोच वास खावा लागेल.

नवार सुती घ्यावी की प्लास्टिकची? गच्चीवर उन्हात राहणारी बाज असेल तर सुतीच. प्लास्टिकची पट्टी उन्हाने कडक होऊन तडकते. घरात राहणार असेल तर प्लास्टिक चालते. धुवायला सोपी. सुती नवार बसवण्याआधी धुऊ नका. पहिल्या पाण्यात ती आकसते, ते आकसणे बाजेवरच झालेले बरे.

अडीच इंची पट्टी धरली तर पायांची जागा सोडून १२ पट्ट्या उभ्या आणि २६ आडव्या बसतात. कडेवरून खाली वळवायला प्रत्येक टोकाला पाच इंच जास्त लागतात. म्हणजे उभी पट्टी ६ फूट १० इंच, आडवी ३ फूट १० इंच, मिळून साधारण ५५ मीटर. ६० मीटर आणा. दुकानदार किलोवर देत असेल तर एक मीटर तोलून घ्या आणि साठने गुणा. खिळे पाऊण इंची, चपट्या डोक्याचे, चारशे. साग-बाभळीत आधी दीड मिलिमीटरचे भोक पाडा, नाहीतर खिळा वाकतो.

पट्ट्या आधी कापून ठेवू नका. टोक दांड्याच्या बाहेरच्या अंगावर तीन खिळ्यांनी ठोका, उरलेले दुमडून खालच्या अंगावर दोन खिळे मारा. दुसऱ्या बाजूला चार इंच रुंद, आठ इंच लांब फळीच्या तुकड्याभोवती नवारीचा एक वेढा घ्या, फळीची कड दांड्याला टेकवा आणि फळी खाली दाबा. हाताने ओढून एवढा ताण येत नाही. ताण तसाच धरून दुसऱ्याने तीन खिळे ठोकायचे, मगच कापायचे. टिचकी मारल्यावर पट्टी टणकन वाजली पाहिजे. सुरुवात मधल्या पट्टीपासून करा, मग एक डावीकडे, एक उजवीकडे.

आडव्या पट्ट्यांची गंमत वेगळी. सव्वीस पट्ट्यांचा ताण लांब दांड्यांना आत खेचतो आणि मध्ये कंबर पडते. विणण्याआधी दोन्ही लांब दांड्यांच्या मधोमध, खालच्या बाजूने, मापाची आडवी लाकडी पट्टी घट्ट बसवा आणि ती कायमची ठेवा. ती नवारीपासून तीन इंच तरी खाली हवी, नाहीतर पाठीला लागते. मोकळे टोक एकीवरून, एकीखालून असे ओवत न्या, पलीकडे ठोका आणि ताण अलीकडून द्या. उभ्यांपेक्षा ताण थोडा कमीच. पुढची पट्टी उलट ओवायची. दोन रंग घेतले तर चौकडी आपोआप उमटते, आणि चुकलेले घर लगेच डोळ्यांत भरते.

प्लास्टिकची टोके मेणबत्तीवर वितळवून बंद करा. पायांच्या तळाला फरशीवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, मातीच्या घरात वाळवीसाठी जळक्या ऑइलचे दोन हात. सुती नवार पहिल्या दोन महिन्यांत थोडी सैल पडेलच. खालून पाण्याचा हबका मारून सावलीत वाळू द्या. तरीही लोंबली तर आडव्यांना हात न लावता फक्त उभ्या पट्ट्यांचे पायगतीचे खिळे काढा आणि पुन्हा ताणून ठोका. त्यासाठीच त्या टोकाला दोन इंच नवार जास्त दुमडून ठेवायची.