चिनी घरगुती उपचार करताय? या चुका टाळा

सर्दी झाली म्हटल्यावर चिनी शेजारीण आधी नाकाची चौकशी करते. पाणी गळतंय की घट्ट पिवळं येतंय? मग घसा दुखतोय का, थंडी वाजतेय की अंग तापलंय, तहान लागतेय का. एवढं विचारून झालं की मग ती स्वयंपाकघरात जाते. शांघाय, यिवू, ग्वांगझू इथे नोकरी-धंद्यासाठी राहणारी आपली कुटुंबं आणि तिथे डॉक्टरकीला गेलेली मुलं नेमके हेच प्रश्न गाळतात आणि थेट विचारतात, "सर्दीवर चिनी औषध कुठलं?" बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो.

आजाराचं नाव बघून उपाय निवडणं

चिनी वैद्यकात साध्या सर्दीचे ढोबळमानाने दोन प्रकार मानतात. एक थंडी-वाऱ्याची: अंगावर काटा, घाम नाही, नाकातून पाण्यासारखा स्राव, कफ पांढरा. या सर्दीला आलं, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि गुळासारखी तांबडी साखर उकळून गरमागरम देतात आणि पांघरूण घेऊन झोपवतात. दुसरी उष्णतेची: घसा लाल, कफ पिवळा, ताप, तोंडाला कोरड. हिला शेवंतीच्या फुलांचा चहा, पुदिना. आता घसा सोलवटलेल्या माणसाला आल्याचा कडक काढा पाजला तर त्याची आग वाढणारच. अशा वेळी "अजून लागू पडलं नाही" म्हणून आलं वाढवू नका. आलं बंद करा आणि लक्षणं पुन्हा नीट बघा.

बानलानगन या मुळीचंही तेच. 2003 मध्ये सार्सच्या साथीत दक्षिण चीनमध्ये लोकांनी तिच्या पुड्यांसाठी दुकानांत झुंबड उडवली होती, आणि आजही अनेक घरांत शिंक आली की तीच पुडी फोडतात. पण चिनी वैद्यकाच्याच हिशेबाने ती थंड प्रकृतीची आहे. कुडकुडणाऱ्या, पोट नाजूक असलेल्या माणसासाठी ती नाही. रोज एक पुडी घेतल्याने सर्दी होणारच नाही, या समजुतीलाही आधार नाही.

खोकल्यातही हीच गल्लत होते. खडीसाखर घालून वाफवलेलं नासपती कोरड्या खोकल्याला छान. पांढरा कफ घळाघळा सुटत असेल, तर ते देऊ नये. आणि खोकल्याच्या चिनी पाकात मध आहे का ते बघा; वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चालत नाही.

आपली उष्ण-थंडची यादी तिकडे लावणं

"उष्ण पडतं", "थंड पडतं" हे आपल्या रोजच्या बोलण्यातलं, त्यामुळे चिनी विचार आपल्याला लगेच जवळचा वाटतो. हे चांगलंच आहे, पण दोन्ही याद्या सारख्या नाहीत. बडीशेप घ्या. आपण उन्हाळ्यात बडीशेप-खडीसाखरेचं सरबत थंडावा म्हणून पितो. चिनी वैद्यकात बडीशेप उष्ण धरतात आणि पोटात गारठा बसून दुखायला लागलं की देतात. चहा आपल्याकडे उष्ण. तिकडे ग्रीन टी थंड. म्हणून चिनी उपाय करायचा तर गुणही चिनी यादीतलाच बघायचा, आजीच्या यादीतला नाही.

ग्वांगडाँग प्रांतात गल्लोगल्ली ल्यांगछाची दुकानं असतात. हा कडू, काळपट वनस्पतींचा काढा असतो. 2006 मध्ये चीनने त्याला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दमट उकाड्यात, तळलेलं खाऊन तोंड आलं की तिथली माणसं पेलाभर पितात आणि विषय संपवतात. आपल्यातले काही हौशी लोक तो आठवडाभर रोज पितात आणि मग शौचाला पातळ होतं, पोट गळतं अशी तक्रार करतात. तोंड बरं झालं की काढा थांबवायचा. गरोदर बाईला आणि लहान मुलाला तर विचारल्याशिवाय देऊच नये.

पाकिटावर पानंफुलं, आत पॅरासिटामॉल

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या चुकीची. गानमाओलिंग नावाच्या सर्दीच्या पुड्या चीनमध्ये घरोघरी असतात. गरम पाण्यात विरघळवायच्या, चव काढ्यासारखी. पण 10 ग्रॅमच्या एका पुडीत वनस्पतींसोबत 200 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, झोप आणणारं क्लोरफेनिरामिन आणि कॅफीनही असतं. व्हिटॅमिन सी यिनछियाओ या गोळ्यांतही पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामिन आहेच. या दोन्हींच्या परवाना क्रमांकात चिनी औषधाचं झेड हे अक्षर असतं, म्हणून ते अक्षर बघून "निव्वळ झाडपाला" असं समजू नका. एका पुडीतलं प्रमाण कमी असतं हे खरं. पण आई पुडी देते, वडील वरून गोळ्या देतात आणि रात्री ताप चढला म्हणून भारतातून आणलेली क्रोसिन पोटात जाते. त्यात सर्दीची सेट्रिझिन घेतली, तर माणूस दिवसभर पेंगतो. आणि पुडी, गोळ्या, क्रोसिन तिन्हींत पॅरासिटामॉलच असल्याने लिव्हरवर ताण येतो तो असा, कुणाच्या लक्षातही न येता. फोनच्या कॅमेऱ्याने घटकांचं भाषांतर करून बघायला अर्धा मिनिट लागतो, तेवढं कराच.

दुसरी काळजी हुओशियांग झेंगछी श्वेइ या औषधाच्या बाटलीची. उन्हाळ्यात पोट बिघडलं, मळमळलं की चिनी माणूस 10 मिलिलिटरची ही छोटी बाटली नाक दाबून पिऊन टाकतो. या द्रवात 40 ते 50 टक्के अल्कोहोल असतं! सेफोपेराझोनसारखी काही सेफालोस्पोरिन अँटिबायोटिक्स चालू असताना हे घेतलं तर चेहरा लालबुंद होणं, छातीत धडधड, रक्तदाब उतरणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. जुलाबावर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलबरोबरही ते टाळावं. मुलांना देऊ नये, पिऊन गाडी चालवू नये. हेच औषध अल्कोहोलविरहित द्रवात आणि कॅप्सूलमध्येही मिळतं. घरात ठेवायचंच तर ते ठेवा.

आणि "नैसर्गिक आहे, अपाय नाही" हे तर मनातून काढूनच टाका. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच गेली, तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं, आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. केस काळे राहावेत म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या हशौवू या मुळीने लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं चीनमध्येच नोंदली गेली आहेत. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन घेणाऱ्या सासूबाईंना शक्तीसाठी म्हणून डांगग्वे ही मुळी घातलेलं सूप दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सगळं एकत्र टाकून खळाखळा उकळणं

काढ्याला मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं लागतं; लोखंडी, तांब्याचं, अ‍ॅल्युमिनियमचं नको. साधारण अर्धा तास भिजवून मग मंद आच. पुदिन्यासारखं वासाचं काही असेल तर ते शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर सगळा गुण वाफेबरोबर उडून जातो. उष्णतेने गुण जातो हे चिनी शास्त्रज्ञ थू यौयौ यांच्या मलेरियावरच्या शोधातही दिसलं: छिंगहाओ वनस्पती उकळून उपयोग होत नव्हता, कमी तापमानाला अर्क काढल्यावर औषध सापडलं. त्यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं.

बिंदू चुकणं आणि खरवडण्याची घाई

अॅक्युप्रेशर आता महाराष्ट्रातही घरोघरी पोचलंय, त्यामुळे ही चूक पुण्या-नाशकातही दिसते. बिंदूचं अंतर ज्याच्यावर उपचार करायचा त्याच्या बोटांनी मोजतात. आई स्वतःची चार बोटं मुलाच्या पायावर ठेवते आणि बिंदू पोटरीकडे खाली सरकतो. पोटासाठीचा झूसानली शोधताना गुडघ्याच्या वाटीखालचा बाहेरचा खळगा बघा, तिथून मुलाचीच चार बोटं खाली या, आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर जा. दाबल्यावर बोथट कळ आली तर जागा बरोबर. मळमळीसाठी मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध नेइग्वान. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत याचा उपयोग अनेक चाचण्यांत दिसला आहे, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनी करून बघायला हरकत नाही. अंगठा-तर्जनीमधला हगू आणि घोट्याच्या वर, पायाच्या आतल्या बाजूचा सानयिनजियाओ मात्र गरोदरपणात दाबू नयेत.

ग्वाशा म्हणजे पट्टीने कातडी खरवडणं. ते करताना कोरड्या कातडीवर पट्टी फिरवू नका, तेल लावा. जितकं लाल तितकं विष बाहेर, असं काही नसतं. ते लाल वण म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणूनच तापात सावध राहा. 2014 मध्ये ग्वांगडाँगमध्ये डेंग्यूचे 40 हजारांहून जास्त रुग्ण झाले, आणि आपल्याकडे तर दर पावसाळ्यात साथ असते. प्लेटलेट उतरल्या असतील तर खरवडणं आणि कातडी ओढून धरणारे कप लावणं दोन्ही नको. कपसुद्धा पाच-दहा मिनिटांपलीकडे ठेवू नये, फोड येतात. मधुमेह असलेल्या माणसाच्या बधिर पायांना गरम पाण्यात ठेवण्याआधी पाण्यात दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघावं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, श्वास लागणं, मान ताठणं, शौचातून रक्त, छातीत दुखणं किंवा तीन दिवसांत न उतरलेला ताप, यातलं काहीही असलं तर घरचे प्रयोग तिथेच थांबवा. डॉक्टरकडे जाताना घेतलेल्या प्रत्येक औषधाचं रिकामं पाकीट बरोबर न्या आणि काय, किती, कधी घेतलं ते न लपवता सांगा.